आत पयलो कोण उठता?

कसालच्या बाजारात मिरच्या निवडत होते, तेव्हा चुलतभावाचा फोन आला. "आये गेली गो..." एवढंच बोलला. शैलाकाकी, माझी सख्खी काकी. पिशवी मांडीवर घेऊन मी एसटीच्या थांब्यावर नुसती बसून राहिले.

लग्नाआधी मी कंपनीचं प्रोग्रॅमिंगचं काम माहेरी कॉम्प्युटरवर बसून करायचे, तेव्हा काकी शेजारी येऊन बसायची. मुलं नोकरीला लागलेली, हात रिकामे. "माका शिकव," म्हणाली. शिकवलं. भरती-ओहोटीची वेळ सांगणारा छोटा प्रोग्रॅम तिने लिहिला, वाडीभर कौतुक झालं, पण बाई खूश नाही. "ह्या बरा. पण बटण दाबल्यार आत पयलो कोण उठता?" मी पुस्तकातलं घडाघडा सांगायचे, ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच विचारायची. मी वैतागायचे. चालतंय ना, मग आत कशाला डोकावायचं, असा आमचा धंदा! बागेतून येऊन तिचे यजमान, बाबीकाका, चिडवायचे, "त्या यंत्राकच जेवण वाढ, माजा काय नाय." पण अंगणात त्यांचं पाऊल वाजलं की आतून पहिला आवाज तिचाच, "इलंस?" म्हणजे आलास का, आणि त्यांचं ठरलेलं, "इलंय गो."

मग गावपळण आली. देवाचा कौल झाला की आमचा अख्खा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर झोपड्यांत राहायला जातो. घरं रिकामी, गाव देवाच्या हवाली. त्या दिवसांत काकी खाडीपलीकडून गावाकडे बघत बसायची. ना धूर, ना कोंबड्याची बांग... माड तेवढे हलत होते. परतीचा कौल मिळाल्यावर पाणंदीतून चालताना ती एकदम थांबली. "बघ गो, यंत्र बंद करून चालू केल्यार असाच होता. सगळे भायर. मगे पयलो एक जण आत येता आणि बाकीच्यांका जागा दिता." मी हसले, कारण यंत्रात आधी उठून बाकी प्रोग्रॅमना जागा देणारी ऑपरेटिंग सिस्टिम इतक्या सोपेपणाने मला कधी सांगता आली नव्हती. दाराशी येऊन ती हळूच म्हणाली, "आज कोण इचारतला, इलंस म्हणान?"

तिथून तिला ध्यास लागला. जुन्या कॉम्प्युटरवर तिला स्वतःची इवलीशी सिस्टिम उभी करायची होती. सिस्टिम जागी झाली की तिने पडद्यावर तेवढा एक शब्द विचारायचा, बस्स. पण अगदी तळाशी, कोऱ्या यंत्राला आपली मराठी अक्षरं येत नाहीत, प्रत्येक अक्षर ठिपक्याठिपक्याने शिकवावं लागतं. काकी आधी अंगणात रांगोळीचे ठिपके मांडून बघायची, मग आत जाऊन ते उतरवायची. आमची शेवटची भेट झाली तेव्हाही पडदा काळाच होता. "अजून बोलना नाय गो," ती म्हणाली. "बोलेल गो," मी म्हटलं, आणि खरं सांगायचं तर मला तसं वाटत नव्हतं.

काकीचं कार्य उरकल्यावर, पाहुणे गेल्यावर, संध्याकाळी मी तिच्या खोलीत बसले होते. खिडकीतून खाडीचा उजेड भिंतीवर हलत होता. घर इतकं मुकं कधी ऐकलं नव्हतं, आणि मला काकी हवी होती, बाकी काही नको होतं. बाबीकाका बागेतून आले. पाय धुतले, टॉवेल खांद्यावर टाकून आत आले आणि माझ्याकडे न बघता त्यांनी यंत्राचं बटण दाबलं. पडदा काळाच राहिला... मग ठिपके उमटले, थोडे वाकडे, तिच्या रांगोळीसारखे.

"इलंस?"

काका खुर्चीत टेकले.

"इलंय गो," म्हणाले.