चार बोटांचं पाणमांजर

माझ्या शहाणपणाची माती कशी झाली ते ऐका. हसायचं आसंल तर आत्ताच हसून घ्या, मधी दात काढल्यालं मला खपत न्हाय.

कळंबच्या खालच्या अंगाला, मांजरा नदीला लागून आमचं रान हाय. मी अन बायको, दोघं बी माळकरी. पण डोळ्यापुढं चिलापी मासळी उड्या मारती तवा माणसानं करावं काय? आठवड्यातनं एकदा, भर दुपारी, रानातल्या कोपीत म्या गुपचूप भाजून खायचो.

एक दिस बायकोला कोपीमागं काटे घावले.

"अवो, हे कुणाचं?"

"पाणमांजराचं. नदीतनं येतंय, खाऊन जातंय."

"मग त्याचा माग दावा."

आता आली का पंचाईत? माग न्हाय दावला तर माळ बी गेली अन घरातली इज्जत बी.

म्या चिखलात बसलो अन उजवा हात दाबत गेलो. ह्या हाताचं एक बोट मागंच कडबाकुट्टीनं खाल्लंय, ऱ्हायली चार. मांजराच्या पंजाची बी चारच उमटत्यात. तुटक्या बोटाचं मला जल्मात पयल्यांदा बरं वाटलं.

बायकोला पटलं. पण तिच्या पोटात काय ऱ्हातंय? सगळ्या गावाला सांगून आली. आठ दिसांत कळंबच्या कॉलेजातली एक पोरगी वही अन फूटपट्टी घेऊन हजर. म्हणं, जनावरांचे माग तपासती. निम्मं गाव तिच्या मागं. म्या सकाळीच ताजे ठसे उमटवून ठिवले हुते. पाव्हणीला कमी पडाय नगं.

ती वाकली, मोजलं, परत मोजलं.

"आजोबा, पाणमांजराला पाच बोटं असतात. इथं चारच आहेत."

"तुटलं आसंल एखादं. जनावरच ते, कुठंबी अडकतंय."

"असेल. पण हे सगळेच पाय उजवे कसे?"

बायको माझ्या हाताकडं बघाय लागली. म्या हात बंडीच्या खिशात घातला, तिथंच फसलो.

"कडबाकुट्टीत अडकलं आसंल," बायको म्हणली.

गाव असं हसलं की पल्याडची बगळी उडाली. पोरगी मान खाली घालून वहीत लिवत हुती.

"काय लिवलंस गं?" म्या इचारलं.

तिनं वाचून दावलं. "जनावर म्हातारं. उजव्या पंजाला एक बोट कमी. मासे खातं."

"माळ घालून खातं," बायको म्हणली, "तेवढं बी लिव."