तात्यांची सारखी धार

तुमच्या गावात बंद पडलेली गोबरगॅसची टाकी आहे ना? मग तिला मारलं कुणी, हे कधी विचारलंत?

आमच्या पिंपरी पेंढारचे बबनतात्या हा प्रश्न पाहुण्याला चहाआधीच विचारत आणि उत्तरही स्वतःच देत. "आज चार पाट्या शेण, मग आठ दिस उपास! मानूस असता तरी मेला असता." अख्खी नोकरी त्यांनी केमिकलच्या कारखान्यात रिअॅक्टरवर, म्हणजे रसायनं तयार होणाऱ्या बंद टाकीवर काढली आणि गावी येऊन गोठ्यामागे गोबरगॅस बांधला. त्यालाही ते रिअॅक्टरच म्हणत. रोज सकाळी शेण-पाण्याचा तेवढाच काला, एका धारेत. मध्ये हाक मारली तर ओ देत नसत. पंगतीत मी भराभर जेवायला लागले, की ताटावर हात धरत, "फीड कमी कर, राव! आत काम करणाऱ्यांना दम घेऊ दे."

टाकीत काम करणारे म्हणजे जंतू. "काही जंतू शेण आंबवत्यात, काही त्या आंबटाचा गॅस करत्यात. पहिले लई चपळ, दुसरे संथ. एकदम जास्त ओतलं की आंबट साचतं, आन् दुसरे बसत्यात संपावर." मी संघटनेची पत्रकं गावभर वाटत फिरणारी. संप म्हटलं की मी लगेच जंतूंच्या बाजूनं. तात्या म्हणत, "घे बाजू. मागणी रास्तच हाय त्यांची."

मग बचत गटानं ठरवलं, तात्यांचा गॅस बघायचा. पटला तर गटाचा बांधायचा, नाहीतर विषय कायमचा बंद. तात्यांची झोप उडाली. नेमके तेव्हाच टोमॅटोचे भाव पडले, बांधाबांधावर लाल ढीग लागले. आणि ज्या माणसानं जन्मभर धार सांभाळली, त्यानं ज्योत मोठी दिसावी म्हणून तीन-चार दिवस पाट्याच्या पाट्या टोमॅटो टाकीत लोटले.

बायका आल्या. पोह्यांची कढई चढली. तात्यांनी काडी ओढली. फुस्स. दुसरी काडी. गॅस येत होता, पण पेटत नव्हता.

"तात्या, पोहे नुसते भिजवून खायचे का?" गटाच्या अध्यक्ष सुमनआत्या म्हणाल्या. सगळ्या खो खो हसल्या.

"शेगडी जुनी झालीय..." मी सुरुवात केली.

"गप ए! शेगडी नीट हाय, टाकीबी नीट व्हती. माझीच हाव नडली. तुमी येणार म्हणून रोजची भाकर सोडून तिला लग्नाची पंगत वाढली. आंबट साचलं, दुसरे बसले संपावर, आन् आता नुसती न पेटणारी हवा येतीय."

आत्या हसायच्या थांबल्या. "आन् आता?"

"आता उपास. मग थोडं थोडं शेण. महिन्याभरानं या, पोहे माझ्याकडं लागले."

"येऊ. पन तवर टमाट्याला हात लावायचा नाय!"

महिन्यानं ज्योत परतली. लहान, निळी, पण पोहे होईपर्यंत हलली नाही. गटाचा गॅस त्याच वर्षी उभा राहिला.

पुढं काही वर्षांनी तात्या गेले. दहाव्याला उरलेल्या भाताची पातेली कुणी तरी टाकीकडे नेली, तर सुमनआत्या पदर खोचून आडव्या. "ठेवा खाली! तात्यांचं दहावं हाय, टाकीचं न्हाई."

म्हणून एक करा. समिती नेमू नका, पत्रकही काढू नका, हे मी सांगतेय! गावातली ती बंद टाकी साफ करा. शेजारच्या चालू टाकीतला काला विरजणासारखा मागून आणा. मग रोज सकाळी थोडंच घाला, पण रोज घाला. आणि पहिल्याच दिवशी फार उत्साह आला, तर तो उद्यासाठी राखून ठेवा.