शनिवार मोकळा ठेवला

हे कोणाला सांगायचं नाही, असं मामाने बजावलंय. दुकानाच्या इज्जतीचा सवाल आहे म्हणे. पण काय सांगू तुम्हाला, दुकान मजेत चालू आहे, इज्जत गेली ती माझी. तेव्हा मी सांगणार.

माझ्या मामाचं दुर्ग स्टेशनजवळ ट्रॅव्हल्सचं दुकान आहे. होळीनंतर इस्राएलहून बारा ज्यू लोक भिलाईला आले. त्यांच्यातल्या रिबेकाआजींचे वडील पूर्वी स्टील प्लांटमध्ये होते. त्यांचं जुनं क्वार्टर बघायचं आणि मग तीन दिवस कोलकाता, असा बेत. माझं अक्षर चांगलं म्हणून वेळापत्रकाचं काम माझ्यावर आलं. "त्यायले पसंत पडलं तं तुले बी नेतो," मामा म्हणाला. मी आजवर नागपूरपेक्षा मोठं शहर पाहिलेलं नाही. मग मी किती अभ्यास केला असेल, तुम्हीच समजा.

शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी ते गाडीत बसत नाहीत, हे मी शोधून काढलं आणि अख्खा शनिवार मोकळा ठेवला. शुक्रवारी संध्याकाळी हुगळीत नावेतून सूर्यास्त. त्याच्याभोवती हिरव्या शाईने चौकटसुद्धा काढली.

मग मंडळी दुकानात आली. आता आमच्याकडची एक सवय सांगते. भिलाईत बाहेर हिंदी, घरात मराठी. त्यामुळे गिऱ्हाईक समोर बसलेलं असतानाही मामा आणि मी मनातलं खुशाल मराठीत बोलून घेतो. एरवी चार लोकांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण मराठी कोणाला कळतेय?

सॅम्युएलकाका त्यांच्यातले पुढारी. त्यांनी वही वाचून नम्रपणे हिंदीत सांगितलं, की शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शनिवार लागतो. म्हणजे नाव रद्द.

मामा माझ्याकडे वळला. "रातपाळीवानी हाय यायचा शनिवार. आदल्या दिवशीच सुरू होते."

मी हिरवी चौकट खोडली. मग कळलं, प्रार्थनेला पायी जायचं असतं, तर गेस्टहाऊस सिनेगॉगजवळ हवं. मी पान फाडलं. मग कळलं, त्या दिवशी लिफ्टचं बटणही दाबायचं नसतं, तर खोल्या तळमजल्यावर हव्यात. बारा जणांच्या! तिसरं पान.

आता माणसाने किती सहन करावं? वहीत डोकं घालून मी म्हणाले, "मामा, तू यायले कोलकात्याले कावून नेऊन राहिला? इथंच सिव्हिक सेंटरच्या बाकावर बसवून दे न तीन दिवस. त्या आजीले काही फरक पडत नाही."

मामा खो खो हसला. सॅम्युएलकाकाही हसले. किती सभ्य लोक, मला वाटलं.

मग रिबेकाआजी म्हणाल्या, "त्या बाकावर मी लहानपणी पुष्कळ बसलेय, बाळ. म्हणूनच तर कोलकाता बघायचंय."

मराठीत! आमच्या घरात कोणी बोलत नाही इतक्या स्वच्छ मराठीत.

ते मूळचे अलिबागकडचे निघाले. कितीतरी पिढ्या कोकणात राहिलेले, इस्राएलला गेल्यावरही घरी मराठीच. आम्ही हिंदीत सुरुवात केली, म्हणून तेही हिंदीत बोलत होते. म्हणजे मामाची रातपाळी त्यांना कळली होती. सॅम्युएलकाकांच्या टोपीबद्दल मी जे बोलले होते, तेही कळलं होतं. ते मी इथे लिहीत नाही.

मामा खुर्चीवरून उठला, बसला, पुन्हा उठला. मी वहीमागे लपले. गेलं माझं कोलकाता.

पण आजी मामाला म्हणाल्या, "प्लॅन चांगला आहे. फक्त हिला बरोबर घ्या. माझे गुडघे दुखतात, शनिवारी मी खोलीवरच राहणार. सोबतीला कोणी तरी हवं, आणि हिला बोलायची आवड दिसतेय."

मला! वर्गात हजेरी देताना माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नाही.

तर आज तो शनिवार. बाकी सगळे मामाला घेऊन प्रार्थनेला पायी गेलेत. मी खोलीत आजींजवळ. त्या आज बटण दाबत नाहीत आणि "तू दाब" असंही म्हणत नाहीत. नुसतं म्हणतात, "काय उकडतंय गं." पहिल्यांदा मी "हो ना" म्हणून अर्धा तास घाम पुसत बसले. मग डोक्यात प्रकाश पडला, पंखा लावायचाय.

सकाळपासून चार वेळा पंखा झाला. खिडकीतून एक भिंत दिसते आणि तिच्यावर वाळत घातलेली लुंगी. एवढं मोठं शहर, एवढा अभ्यास, एवढी पानं फाडली, आणि कोलकात्यात येऊन मी आत्तापर्यंत काय पाहिलं म्हणाल, तर एक—

"मीनू, या खोलीत जरा अंधारच वाटतोय, नाही?"