वसईच्या हॉलमधला मागचा बाक

नाशिकहून निघतानाच मी ठरवलं होतं की वसई-विरारमध्ये बघण्यासारखं काही नसणार. विरारला फुलपाड्यात धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या, गॅलरीत बसून समोरच्या बिल्डिंगमधले वाळत घातलेले कपडे दोन दिवस बघितले आणि माझी खात्रीच पटली. तिसऱ्या दिवशी सुमन म्हणाली, वसई गावात एक जुना ऐतिहासिक हॉल आहे, संध्याकाळी तिथे कथाकथन आहे, चल. ऐतिहासिक म्हटलं की मला धास्तीच वाटते. आपल्याकडे ज्याला रंग द्यायला कुणी तयार नसतं, ते ऐतिहासिक.

वसई स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळाली. रिक्षावाला वाटभर काहीतरी पुटपुटत होता. हल्ली तोंड उघडून बोलायची सवयच राहिलेली नाही कुणाला. मी तीनदा "काय?" म्हटल्यावर त्याने आरशातून सुमनकडे बघितलं. गाव जवळ आलं तशा बिल्डिंगा विरळ होऊन केळीच्या वाड्या दिसू लागल्या, हवाही गार झाली. एवढं मात्र कबूल करतो. नाक्यावर सुमनने सुकेळी (सोलून उन्हात वाळवलेली केळी, केळीच्याच सुक्या सोपटात बांधलेली) घेतली. विकणाऱ्या बाईही पुटपुटल्याच. सुकेळ्यांचा रंग जुन्या चपलेसारखा. नाक मुरडत एक तोंडात टाकलं आणि हॉल येईपर्यंत अर्धी जुडी संपवली.

हॉल म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. कौलारू छप्पर, पोपडे आलेल्या चुन्याच्या भिंती, आमच्या शाळेतल्या दोन टेबलांएवढा रंगमंच, शंभरेक खुर्च्या. आणि सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, एकच लाकडी बाक. हॉलची व्यवस्था बघणाऱ्या नीलमताईंनी चहा दिला आणि मी नाशिकचा आहे हे कळताच मला त्या बाकावर नेऊन बसवलं. पाहुण्याला मागे बसवायची ही कुठली रीत, असं मी विचारलंच.

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला हसू आवरेना. या हॉलमध्ये माईक आहे, पण लावत नाहीत. कथा संपली की मागच्या बाकावरच्या माणसाने उठून शेवटचं वाक्य म्हणून दाखवायचं. आलं तर आवाज पोचला. नाही आलं, तर कथा सांगणाऱ्याने त्या दिवसापासून रंगमंच सोडायचा आणि पुढच्या रांगेत ऐकायला बसायचं. बाकावर परगावचाच माणूस लागतो, कारण गावच्या माणसाला कथा पाठ असते, तो न ऐकताही सांगेल. केवढी ही अक्कल! मग त्यांनी पंखेही बंद केले. आवाज फार करतात म्हणे. मला तर काडीचा आवाज येत नव्हता. सदरा मात्र पाठीला चिकटला.

कथा सांगणार होते भाऊकाका. घरची मोगऱ्याची वाडी, वय पंच्याहत्तरच्या घरात. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालेलं, आणि त्यानंतर ते पहिल्यांदाच उभे राहत होते. डॉक्टर नको म्हणत होते, पण आवाज राहिला की गेला हे त्यांना इथेच कळून घ्यायचं होतं, असं नीलमताई म्हणाल्या.

कथा त्यांच्या वडिलांच्या बैलाची. तो रहाट ओढायचा, आणि विहिरीवर पंप आला तरी रिकाम्या वाटेवर गोल फिरत राहायचा. सुरुवात ऐकू आली. पुढे काका काय बोलत होते देव जाणे. कधी शब्द यायचा, कधी नुसते ओठ हलायचे. शेवटी ते खाली वाकून अगदी हळू काहीतरी म्हणाले. समोर बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. आणि मग सगळा हॉल मान वळवून माझ्याकडे बघू लागला.

मी उठलो. "ऐकू आलं नाही," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर न थांबता, माईक लावा, उगाच जुन्याचं कौतुक पुरे, हेही ऐकवलं.

भाऊकाकांनी खांद्यावरचा पंचा नीट केला, एकेक पायरी उतरले आणि पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसले. पंखेसुद्धा कुणी लावले नाहीत.

सुमन माझ्यापासून दोन हातांवर बसली होती. ती कानाशी येऊन म्हणाली, "दादा, मला सगळं ऐकू आलं. शब्द न् शब्द."

तीन वर्षं ती मला कान दाखव म्हणत होती. आणि मी? मी मास्तर. मागच्या बाकावरच्या पोरांना "बहिरा आहेस का रे?" म्हणून ओरडण्यात माझी अख्खी नोकरी सरली. सगळं जग पुटपुटतंय आणि मी तेवढा शहाणा! गप्प बसून निघून आलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. लाज वाटली, खूप वाटली. मी खुर्च्यांमधून चालत पुढे गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "दोष काकांचा नाही. मला कमी ऐकू येतं. मी ते लपवतो."

नीलमताई गोंधळल्या. बाकाचा शब्द आजवर कुणी फिरवला नव्हता, आणि बसणाऱ्याला कानाचं विचारायचं कधी कुणाला सुचलंच नव्हतं. मी सुचवलं, आत्ताच दुसऱ्या कुणाला बसवा. भाऊकाकांनी हात हलवून नको म्हटलं. ते उठून माझ्याजवळ आले, माझा दंड धरला आणि मला ऐकू जाईल असं म्हणाले, "पुढच्या वर्षी मी हीच गोष्ट सांगनार. बाकावर तुम्हीच बसायचं. कान घेऊन या."

परतताना रिक्षात मी सुमनला शेवटचं वाक्य विचारलं. तिने सांगितलं नाही. पुढच्या वर्षी ऐक, म्हणाली.

नाशिकला आल्यावर चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. मशीन लावून घरी आलो, नेहमीसारखा पंख्याखाली बसलो आणि दचकून वर बघितलं. केवढा खडखडाट! हा माझ्या डोक्यावर इतकी वर्षं चालू होता. मी उठलो आणि पंखा बंद केला.