देवळातली अभ्यासिका आणि पायरीखालच्या दोघी

मार्चमध्ये कोकण, तेही कामाच्या निमित्ताने, म्हणजे बायकोला ताठ मानेने सांगता येण्याजोगी सहल. देवरूखजवळच्या एका वाडीत एक संस्था संध्याकाळची अभ्यासिका चालवते. मुलगे येतात, मुलींनी मात्र यायचं जवळजवळ सोडलंय. मुलींसाठी जूनपासून नव्याने प्रयत्न करायचा की त्यांच्यापुरतं काम थांबवायचं, हे माझ्या शिफारशीवर ठरणार होतं. "टेबलाशी बसून नाही, गावाला सोबत घेऊन मूल्यमापन करू," असं मी रुबाबात सांगितलं. ह्या विषयावर मी प्रशिक्षणं देतो. हसू नका, पैसे घेऊन देतो.

पुण्याहून पहाटे गाडी काढलीत तर कऱ्हाड, मलकापूर करत दुपारच्या आत आंबा घाट उतरता येतो. माथ्यावर चहा प्या आणि माकडांपासून वडा सांभाळा. मला चहाच तेवढा जमला. देवरूखात साधं लॉज मिळतं, दोनशेच्या आत पोटभर जेवण होतं, आणि ह्या दिवसांत ओल्या काजूची उसळ असेल तर दुसऱ्या कशाकडे बघू नका. वाडीत एसटी सकाळ-संध्याकाळच जाते, त्यामुळे स्वतःची गाडी नसेल तर रिक्षा आधीच सांगून ठेवावी.

अभ्यासिका देवळाच्या सभामंडपात भरते, म्हणून बैठकही मी तिथेच ठेवली. भिंतीला तक्ता लावला, रंगीत कार्डं वाटली. वाडीत मानाचे असतात गावकर. आधी ते बोलतात, मग बाकीचे. गावकर तात्या म्हणाले, "अभ्यासिका झकास चाललीय, सायेब. पोरींनाच गोडी नाय." सगळ्यांच्या माना हलल्या. मागे बसलेल्या बायकांच्याही हलल्या. मी तक्त्यावर "मुलींना गोडी नाही" असं लिहिलं आणि खाली जाड रेघ ओढली.

दोन मुली मात्र बाहेर पायरीखाली उभ्या होत्या. मी हाक मारली, "आत या, लाजू नका!" त्या हलल्या नाहीत. पुन्हा बोलावलं. शेवटी हातात मार्कर घेऊन पायरीपर्यंत गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "अगं, तुमच्याशिवाय हे मूल्यमापन अपुरं आहे!" त्यातली एक, नववीतली प्राची, लालेलाल झाली आणि पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून पळत सुटली. मंडपात पुरुष खाली बघायला लागले. मला वाटलं, किती लाजाळू असतात इथल्या मुली.

जेवण प्राचीच्याच घरी सांगितलेलं होतं. तिच्या आईने, सुनंदावहिनींनी, घावण्यांचं ताट माझ्यापुढे जरा आपटूनच ठेवलं.

"सर, माझ्या लेकीला सगळ्यांसमोर आत बोलवत सुटलात. आज तिला देवळात चालत नव्हतं. आता अख्ख्या वाडीला कळलं."

घावणं हातातच राहिलं.

"दर महिन्याला हेच. पोरगी चार दिवस दिसली नाय की पोरगे हसतात. त्यापेक्षा जायलाच नको म्हणून सोडलंनीत पोरींनी. गोडी कशी नाय? गणितासाठी रडते ती."

"मग हे बैठकीत का नाही सांगितलंत?" मी विचारलं. अकलेचे तारे तोडायला वेळकाळ लागत नाही.

"गावकरांसमोर? देवळात बसून?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी बैठक पुन्हा घेऊ का, असं मी चाचरत विचारलं. "आमी घेतो," वहिनी म्हणाल्या. "तुमी येऊ नका." त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, सगळ्या बायका आणि मुली जमल्या आणि मला वाडीमागचं कातळाचं पठार, म्हणजे सडा, बघायला पाठवण्यात आलं. मार्चातला सडा म्हणजे तापलेला कातळ आणि वाळकं गवत. मुद्दाम बघायला जाऊ नका.

परत आलो तेव्हा त्यांचं ठरलं होतं. अभ्यासिका शाळेच्या व्हरांड्यात भरवायची, आणि मुलग्यांचीही तिथेच. मुलींची वेगळी केली तर पोरगे पुन्हा हसणारच. तात्यांच्या कानावर हे घातलं. "मला कोण बोललंच नाय," म्हणाले, आणि मग, "व्हरांड्यात दिवा नाय. तो मी बघतो."

प्राचीची मी माफी मागितली. तिने गणिताची वही उघडली, आणि का उघडू नये?

शिफारस बायकांच्याच शब्दांत लिहून दिली आणि घरी आलो. बायकोला सगळी हकिगत सांगितली, थोड्या वक्तृत्वासकट. ती मेथी निवडत होती.

"आपली चिऊ गेल्या गणपतीत अचानक मावशीकडे का गेली होती?" तिने विचारलं.

"तिला गर्दी आवडत नाही म्हणून."

"असं तिने सांगितलं तुला?"

सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं होतं, आणि बहुधा खाली जाड रेघही ओढली होती. मी चिऊच्या खोलीत गेलो. म्हणालो, "यंदा तू कुठेही जायचं नाहीस. दिवस कुठलाही असो, आरतीला आमच्यात उभी राहा."

चिऊने पुस्तकातून मान वर केली. "बाबा, हे आजीला विचारलंस?"

विचारलेलं नाही. आज रविवार आहे, आई देवघरात आहे, आणि तिची पूजा आटपेपर्यंत मी हे लिहीत बसलोय.