खिशातला फ्यूज

गल्लीत त्यांना फ्यूजकाका म्हणत. तीस वर्षं वायरमन होते म्हणून नव्हे. घराबाहेर पडताना ते मीटरशेजारचा चिनीमातीचा पांढरा फ्यूज उपटून खिशात टाकत, म्हणून. दूध आणायला निघाले तरी फ्यूज खिशात. काकू म्हणायच्या, "ऑफिसातल्या माणसाला मिळत नाहीत एवढ्या सुट्ट्या आमच्या फ्रिजला." गल्ली हसायची, काकाही हसायचे, पण सवय काही सुटायची नाही.

या सवयीमागे एक इस्त्रीचं दुकान होतं. तिथली वायरिंग काकांनीच केलेली. एका दुपारी मालक चालू इस्त्री तशीच ठेवून जेवायला गेला आणि दुकान पेटलं. मागच्या खोलीत त्याची बायको होती. ती वाचली, पण तिचे हात कोपरापर्यंत भाजले. चौकशीत काकांच्या कामात खोट निघाली नाही. पण काकांनी ते हात पाहिले होते. तेव्हापासून रिकाम्या घरात एक दिवा जरी जळतोय असं मनात आलं, तरी ते अर्ध्या वाटेतून परत फिरायचे.

आणि नेमक्या याच माणसाच्या गळ्यात बदकाची पिल्लं पडली.

बदकं पाळणं हा काकूंचा उद्योग. भर थंडीत परसातल्या बदकीची अंडी फुटली आणि त्याच सकाळी एक भटकं कुत्रं कुंपणातून आत घुसलं. काकू झाडू घेऊन धावल्या आणि ओल्या पायरीवरून घसरल्या. बदकी गेली, काकूंच्या खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवर पडल्या पडल्याही त्यांचा हुकूम सुटलाच, "अहो, माझ्याकडे काय बघत बसलाय? पिल्लं घरात घ्या. आई नाही त्यांना, दिवा लावून ऊब द्या. आणि घाबरत बसू नका."

पिल्लं सात होती. काकू मुलीबरोबर हॉस्पिटलात गेल्या आणि काका सात पिवळ्या गोळ्यांसमोर एकटे उरले.

काम मात्र त्यांनी असं केलं, की एखाद्या कारखान्याचं असावं. मागच्या खोलीत उंच कडांचा लाकडी खोका ठेवला. तळाला वर्तमानपत्र घातलं नाही, त्यावर पिल्लांचे पाय घसरतात. सुताराकडून रंध्याचा भुसा आणून जाड पसरला. वर मांजरासाठी जाळीचं झाकण. पाण्याच्या बशीत गोटे घातले, म्हणजे चोच बुडेल पण पिल्लू बुडणार नाही. आईच्या पंखांचं तेल अंगाला लागलेलं नसलं, की बदकाचं पिल्लूही भिजतं आणि भिजलं की गारठून मरतं, हे काकूंनी फोनवर चारदा बजावलं होतं.

राहिला दिवा. तो टांगायला काकांना अख्खी दुपार लागली. बल्ब वायरवर लोंबकळत ठेवणाऱ्याला ते माणसात धरत नसत. त्यांनी साखळी लावली, साखळी तुटलीच तर म्हणून दुसरी लावली, बल्बला जाळीची टोपी घातली, भुशापासूनचं अंतर टेपनं मोजलं. दिवा खोक्याच्या एकाच टोकाला, म्हणजे ज्याला गरम होईल त्यानं दुसऱ्या टोकाला जावं. पिल्लं दिव्याखाली गच्च दाटली तर थंडी वाजतेय, लांब पळाली तर उकडतंय, खोकाभर पसरली तर ठीक. पिल्लं पसरली. काका मात्र आक्रसून बसले.

तीन दिवस ते त्या खुर्चीवरून हलले नाहीत. होल्डरला हात लावून बघायचे, भुसा हुंगून बघायचे. फोन वाजला तरी दचकायचे. काकूंना भेटायला जायचं तर दिवा एकटा सोडायचा, आणि दिवा विझवायचा तर पिल्लांची धडगत नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, शेजारच्या काकूंना बसवा ना." पण आपण टांगलेल्या जळत्या दिव्यापाशी दुसऱ्या कुणाची बायको बसवायची, या विचारानंच त्यांना घाम फुटला.

चौथ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "अकराला ऑपरेशनला नेणार आहेत. त्याआधी या हो. मला भीती वाटतेय."

चाळीस वर्षांत हे वाक्य या घरात फक्त काकांनी म्हटलं होतं. मनाचा हिय्या करून त्यांनी ठरवलं, दिवा चालू ठेवायचा आणि जायचं. साखळ्या ओढून पाहिल्या, झाकण दाबलं, पिल्लं मोजली, चपला घातल्या, कुलूप लावून दोनदा ओढलं आणि बस गाठली. वाटेत आगीच्या बंबाची घंटा ऐकू येतेय असं त्यांना तीनदा वाटलं.

काकू हिरव्या चादरीखाली अगदी लहान दिसत होत्या. त्यांनी हात धरला. "पिल्लं?"

"सातही बरी आहेत. दिवा चालू ठेवून आलोय," काका म्हणाले आणि कपाळाचा घाम पुसायला खिशातून रुमाल काढला. रुमालाबरोबर फ्यूज बाहेर आला आणि चादरीवर पडला.

दारातून बाहेर पडताना काकांचा हात आपोआप मीटरकडे गेला होता. मन दिवा जपत होतं आणि हातानं तो केव्हाच विझवला होता. घर सोडून तासभर होऊन गेला होता.

काकूंनी फ्यूज उचलून त्यांच्या मुठीत कोंबला. "जा. इथे माझ्याजवळ दहा माणसं आहेत."

"अगं, पण तू..."

"जा म्हणते ना!"

काका धावत सुटले. या वयात धावायचं नसतं, हे त्यांना बसस्टॉपवर छातीनं सांगितलं. घरी पोचले तेव्हा पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून गप्प झाली होती. बशी उलटली होती, भुसा भिजला होता. फ्यूज लावताना तो तीनदा खाचेतून निसटला. दिवा लागला. काकूंच्या टॉवेलनं त्यांनी एकेकाला पुसलं, भुसा बदलला. सगळ्यांत खालचं पिल्लू हलेना. त्याला त्यांनी शर्टाच्या आत छातीशी धरलं आणि पुटपुटत राहिले, "चूक माझी आहे रे, तू कशाला जातोस." बाकीची सहा हळूहळू चिवचिवायला लागली. छातीशी धरलेलं मात्र गारच राहिलं.

मग ते दाराशी येऊन उभे राहिले. मीटर उजव्या हाताला होतं. मागच्या खोलीत दिवा जळत होता. इस्त्रीवाल्याच्या बायकोचे हात डोळ्यांपुढे आले. त्यांनी उजवा हात डाव्या हातानं धरला, तसाच धरून उंबरा ओलांडला.

काकू शुद्धीवर आल्या तेव्हा दुपार कलली होती. ओठ कोरडे पडले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "किती?"

"सहा," काका म्हणाले. "एक माझ्यामुळे गेलं."

काकूंनी डोळे मिटले. मग उघडले. "आणि आत्ता दिव्यापाशी कोण आहे?"

काकांनी शर्टाचा खिसा उलटा करून दाखवला. मग पँटीचे दोन्ही खिसे बाहेर ओढले. रुमाल आणि बसचं तिकीट, बाकी काही नव्हतं.

काकू त्या उलट्या खिशांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सलाइन नसलेला हात पुढे केला.

"बसा इथे," त्या म्हणाल्या. "आज मी पण घाबरलेय."