प्रस्तावना खोडणाऱ्या बाई

आमच्या मराठीच्या बाई निबंध आधी खोडायच्या आणि मग वाचायच्या. वही हातात आली रे आली की लाल पेन थेट पहिल्या परिच्छेदावर. सर्रकन तिरपी रेघ, आणि जिथं हात थांबेल तिथं समासात लिहायच्या, 'निबंध इथून सुरू.' म्हणून पोरींनी त्यांचं नाव ठेवलं खोडबाई. खरं नाव मी सांगणार नाही. त्यांच्या घरची माणसं ब्रह्मपुरीत आहेत, आणि मला जे म्हणायचंय ते काही गोडगोड नाही.

निबंधाची सुरुवात तेव्हा आम्ही गाइडातून उचलायचो. विषय झाडांचा असो की मोबाइलचा, 'आजच्या विज्ञानयुगात' म्हटलं की गाडी सुटली. मी दोन प्रस्तावना पाठ करून ठेवल्या होत्या आणि त्यांतली एक कुठल्याही विषयाला बेधडक चिकटवायची. एकदा बाईंनी माझी वही उचलून अख्ख्या वर्गाला वाचून दाखवली, "मानव हा समाजशील प्राणी आहे." मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "काऊन गं, तुझा बाप जाळं टाकायच्या आधी बोडीले भाषण देते काय?"

वर्ग खिदळला. आमचं घर मासेमारीचं. गावच्या बोडीत, म्हणजे लहानशा तलावात, जाळं टाकून पोट भरणारं. शिक्षकांच्या, दुकानदारांच्या पोरींसमोर बाईंनी माझा बाप काढला होता. मी घरी जाऊन जेवले नाही. आई म्हणाली, "बाई चांगल्यासाठीच बोलल्या असतीन." चांगल्यासाठी म्हणे! चांगलं सांगायला माणसाचा बापच लागतो का?

तरी एक कबूल करते. त्यानंतर माझ्या हातून पाठ केलेली ओळ उतरेना. पेन टेकवलं की बोडीला दिलेलं ते भाषण ऐकू यायचं. बाईंचं म्हणणं एवढंच, की जे तुले ठाऊक आहे आणि मले नाई, ते पहिल्या ओळीत सांग. बाकीचं झाडून टाक. मी चिडून चिडून तसं लिहायला लागले.

दहावीत तालुक्याची निबंध स्पर्धा आली. पहिल्या आलेल्या मुलीला ब्रह्मपुरीच्या वसतिगृहात फुकट जागा. माझ्यासाठी ती जागा म्हणजेच अकरावी. बाबांनी साफ सांगितलं होतं, "जागा भेटली तर शिक. नाई भेटली तर आईसंगं धानाच्या रोवण्याले चल." विषय होता 'माझे गाव'. मी लिहिलं, 'आमच्या घरचं जाळं यंदा ओलं झालं नाही.' बोडीचा ठेका त्या वर्षी दुसऱ्यांकडे गेला होता, बाबा रोजीनं जात होते. गावाबद्दल मला तेच आधी सांगायचं होतं.

मी दुसरी आले. कागदावर शेरा होता : 'प्रस्तावना नाही. पाच गुण वजा.' पहिल्या मुलीचा निबंध फलकावर लावला होता. त्याची सुरुवात 'भारत हा खेड्यांचा देश आहे' अशी होती.

मी तडक स्टाफरूममध्ये गेले आणि सगळ्यांसमोर ओरडले, "तुमच्यापायी झालं, बाई! तुम्ही माझं वाटोळं केलं!"

बाईंनी कागद घेतला, वाचला. "परीक्षक गधा आहे," त्या म्हणाल्या.

"असंल गधा. जागा त्याच्याच हातात हाये ना!"

बाईंनी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. उलट उत्तर दिल्याचं, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या मला बसमध्ये घालून ब्रह्मपुरीला घेऊन गेल्या. वसतिगृहाच्या जागा ज्यांच्या सहीनं मिळायच्या त्या साहेबांच्या केबिनबाहेर बाकड्यावर बसून बाईंनी अर्ज लिहिला. मी शेजारून वाचत होते. 'परम आदरणीय, गोरगरिबांचे कैवारी, ज्ञानाचा अखंड तेवणारा दीप असलेल्या आपल्यासारख्या थोर व्यक्तिमत्त्वाच्या चरणी...' चार ओळी नुसत्या आरतीच्या. अर्ज त्यानंतर. माझा निबंध मागं टाचणीनं लावलेला.

साहेबांनी वरच्या चार ओळी वाचल्या. खूश झाले. चहा मागवला. राखीव जागांतली एक माझ्या नावावर केली आणि टाचणी न काढताच कागद ट्रेमध्ये टाकला.

बाहेर आल्यावर मी आनंदानं नाचायला हवं होतं. मी भांडले. "वर्गात आमची चामडी सोलता, अन् इथी तुम्हीच असं लिहून राह्यल्या? माझा निबंध तर त्यानं पाह्यला बी नाई!"

"नाई पाह्यला," बाई म्हणाल्या. "मी पाह्यला ना. जागा पाह्यजे होती, भेटली. आता तोंड बंद कर अन् समोसा खा." त्यांचे कान मात्र लाल झाले होते. समोसा त्यांनी स्वतः खाल्ला नाही.

वसतिगृहात गेल्यावर मी ठरवलं, बाईंना आभाराचं पत्र लिहायचं. लिहिलं, 'आपले उपकार मी जन्मभर विसरणार नाही.' खोडलं. 'आपण माझ्या जीवनाच्या शिल्पकार आहात.' शी! खोडलं. 'बाई, मला तुमचा फार राग येतो.' हे खरं होतं, पण त्याच्यापुढे काय लिहावं ते सुचेना. बारावी झाली, डी.एड. झालं, नागभीडजवळच्या शाळेत नोकरी लागली. दर सुट्टीत कागद घेऊन बसायची आणि पहिल्या ओळीपाशी अडायची. फोन करता आला असता, पण मला हट्टानं पत्रच पाठवायचं होतं.

मागच्या उन्हाळ्यात शाळेच्या जुन्या मुलींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बाई गेल्याचं कळलं. खाली रांगेनं मेसेज, 'ज्ञानाचा सागर हरपला', 'ज्ञानाचा सागर हरपला'. मी काहीच टाकलं नाही. सगळ्यांना वाटलं, हिचा अजून राग गेला नाही.

नाहीच गेला. पहिलं वाक्य खरं असल्याशिवाय कागद पुढं सरकवायचा नाही, ही खोड या बाईनंच लावली मला. आणि मला ते वाक्य सापडेपर्यंत थांबायला स्वतः मात्र तयार नव्हती.